काणकोणचा ग्रॅनाइट आणि खारवलेले कॅम

शुक्रवार : मडगाव ते चावडी

काणकोण स्टेशनवर सगळ्या गाड्या थांबत नाहीत. बहुतेकांना मडगावला उतरून कदंबच्या बसने चाळीसेक किलोमीटर दक्षिणेला काणकोणातल्या चावडीच्या बाजारापर्यंत यावे लागते. खडक चढायचा दोर आणि रॅक (भेगांत लावायच्या सामानाचा संच) घेऊन हा प्रवास सहज जमतो. फक्त बसमध्ये कुणी इन्व्हर्टरची किंवा गाडीची बॅटरी ठेवली असेल, तर आपली पिशवी तिच्याजवळ ठेवू नये. बॅटरीतल्या अॅसिडचा नुसता वाफारा लागला तरी नायलॉनचे धागे कमजोर होतात आणि वरून काहीच दिसत नाही.

गोव्याच्या किनाऱ्यावर पाहावे तिकडे जांभा दगड. काणकोणात मात्र खाली जुना ग्रॅनाइट आहे आणि पाळोळे, पाटणे, अगोंद या किनाऱ्यांच्या टोकांना तो गोलसर धोंड्यांच्या रूपाने उघडा पडला आहे. धोंड्यांच्या मधल्या भेगांत कॅम (भेगेत उघडून घट्ट बसणारे स्प्रिंगचे साधन) आणि नट (भेगेत अडकवायचे, वायर लावलेले धातूचे ठोकळे) लावता येतात. खडक फार उंच नाहीत. पण प्रोटेक्शन (पडणे अडवणारे हे सामान) लावणे, ओढून पाहणे, काढणे याचा सराव करायला याहून चांगली जागा जवळपास नाही, आणि सामानाची परीक्षा घ्यायला याहून कठोरही नाही.

संध्याकाळी पिशवी उघडून सगळा रॅक जमिनीवर मांडला. पावसाळाभर कपाटात पडलेले सामान तपासल्याशिवाय खडकावर न्यायचे नाही, हा नियम मोडण्यासारखा नाही. प्रत्येक कॅमचा ट्रिगर (लोब मिटवणारी सरकती पट्टी) पूर्ण ओढायचा आणि एकदम सोडायचा. चारही लोब (खडकाला टेकणारी वक्र पाती) एकाच क्षणी, टक्‌ आवाज करत परत उघडले पाहिजेत. एखादा मागे रेंगाळला, तर त्याला बोटाने वेगळे हलवून पाहायचे. बोटाने सहज फिरतो पण ट्रिगरने नीट येत नाही, तर दोष ट्रिगर वायरचा. बोटानेही अडखळतो, तर अॅक्सलवर (लोब ज्यावर फिरतात त्या आसावर) घाण किंवा गंज आहे. मोकळा फिरतो पण परत येत नाही, तर स्प्रिंग जागेवरून निसटली आहे किंवा थकली आहे. एवढ्यावरूनच पुढचे काम ठरते.

लोब रेंगाळला तर नुसता त्रास होतो असे नाही. रे जार्डिन यांचे ‘फ्रेंड्स’ हे कॅम १९७८ मध्ये बाजारात आले, तेव्हापासून कॅमचे गणित तेच आहे. लोबची कड अशा वक्राने कापलेली असते की तो कमी उघडा असो वा जास्त, खडकाशी होणारा कोन बदलत नाही. फ्रेंड्समध्ये हा कोन १३.७५ अंशांचा होता, आज वेगवेगळ्या कंपन्यांचे कोन थोडे पुढेमागे असतात. या कोनामुळे खाली बसणाऱ्या ओढीच्या साधारण दुप्पट दाब दोन्ही भिंतींवर पडतो आणि त्या दाबातून घर्षण तयार होते. पण ओढ बसण्याआधी लोब खडकाला टेकलेला असायला हवा, आणि ते काम फक्त स्प्रिंगचे. स्प्रिंग अडखळली की दोर हलताना कॅम भेगेत ‘चालतो’, उघड्या जागेत सरकतो, आणि पडण्याच्या वेळी चारपैकी दोनच लोबवर सगळा भार येतो.

म्हणून कॅमकडे पाहताना दोन भाग वेगळे धरावेत. ट्रिगर, त्याच्या वायर आणि स्प्रिंग हे कॅम चालवणारे भाग. लोब, अॅक्सल, स्टेम (मधला दांडा) आणि स्लिंग (त्याला जोडलेला कापडी पट्टा) हे वजन घेणारे. चालवणारा भाग धुता येतो, वंगण देऊन मोकळा करता येतो, ट्रिगर वायर तर बदलताही येते. वजन घेणाऱ्या भागात दोष दिसला तर तो कॅम बाद, किंवा सरळ निर्मात्याकडे. या रेषेवर तडजोड करणारा माणूस आपल्या जोडीदाराचा जीव पणाला लावतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

शनिवार : पाळोळे

सकाळच्या ओहोटीला किनाऱ्याच्या दक्षिण टोकाकडचे धोंडे गाठले. समुद्रात दर सव्वासहा तासांनी भरती-ओहोटी पालटते आणि रोजची वेळ पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते. उधाणाला इथे पाणी दोन मीटरच्या आसपास चढते. भरतीची रेषा दगडावर दिसतेच. तिच्या खाली हिरवट-काळे शेवाळ असते, तिथे कॅम लावू नये. १३.७५ अंशांचा कॅम टिकायला घर्षणाचा गुणांक किमान ०.२४५ लागतो. कोरड्या खरबरीत ग्रॅनाइटवर तो कितीतरी जास्त मिळतो, पण ओल्या शेवाळावर त्याची खात्री देता येत नाही. कॅम कितीही नवा असला तरी तिथे तो निसटू शकतो.

या ग्रॅनाइटमध्ये फेल्डस्पारचे मोठे स्फटिक आहेत. काही ठिकाणी ते भिंतीतून उंचवट्यासारखे बाहेर आलेले दिसतात. लोबचा दात स्फटिकामागे बसला की कॅम छान घट्ट वाटतो, आणि काढताना तोच स्फटिक त्याला धरून ठेवतो. इथे कॅम अडकण्याचे ते पहिले कारण. दुसरे नेहमीचेच : भेगेच्या मानाने मोठा कॅम कोंबणे. लोब त्यांच्या हालचालीच्या निम्म्यापासून नव्वद टक्क्यांपर्यंत मिटलेले असताना कॅम लावावा. त्याहून जास्त मिटवून कोंबला, की ट्रिगर ओढायला जागाच उरत नाही.

अडकलेला कॅम काढताना घाई हाच शत्रू. आधी हात बाजूला घेऊन भेगेत विजेरीचा उजेड टाकायचा. कोणते लोब हलतात, कोणता अडला आहे आणि भेग कुठल्या बाजूला रुंद होते, हे तीन प्रश्न सोडवायचे. नंतर ट्रिगर पूर्ण ओढून कॅम आधी आत ढकलायचा, बाहेर ओढायचा नाही. आत एक-दोन मिलिमीटर सरकला की मग ज्या वाटेने तो गेला त्याच वाटेने परत आणायचा. हिसके दिले तर तो ‘चालून’ आणखी खोल जातो.

ट्रिगरची पट्टी बोटांच्या आवाक्याबाहेर गेली असेल, तर दोन लहान नट घ्यावेत. त्यांच्या वायरचा फास पट्टीच्या दोन टोकांवर अडकवून दोन्ही नट एका हाताने सारखे ओढायचे आणि दुसऱ्या हाताने नट टूलने (अडकलेले सामान काढायच्या चपट्या, चोचदार हत्याराने) स्टेमचे टोक आत दाबायचे. ओढ दोन्ही टोकांवर सारखी हवी, नाहीतर पट्टी तिरकी होऊन एका बाजूची वायर तुटते. एकच लोब अडला असेल तर नट टूलची चोच त्याच्या छिद्रात घालून तो मागे फिरवावा. भेगेत वाळू गेली असेल तर बाटलीतले साबणपाणी सोडून पाच मिनिटे थांबल्यावर पुष्कळदा काम होते. नट टूलला हातभर दोरी बांधून ती हार्नेसला (कमरेच्या पट्ट्याला) अडकवलेली असावी, कारण इथे खाली पडलेले हत्यार लाटेबरोबर जाते.

एवढे करूनही कॅम निघाला नाही आणि पाणी चढू लागले, तर तो सोडून द्यावा. मागे राहिलेल्या कॅमची स्लिंग कापून घ्यावी, म्हणजे उद्या येणारा कुणी त्याला अँकर (भरवशाचा आधार) समजून लटकणार नाही.

नटचे तंत्र सोपे आहे. ज्या दिशेने भार बसला त्याच्या उलट ढकलायचे. नट टूलचे टोक ठोकळ्याच्या खालच्या कडेला लावून दुसऱ्या टोकाला दगडाने दोन-तीन हलके ठोके द्यायचे. क्विकड्रॉ (नट आणि दोर जोडणारी छोटी पट्टी) धरून वर झटके देण्याची सवय अनेकांना असते. त्याने वायरला ठोकळ्यापाशी तिढा पडतो आणि आतला एखादा तंतू तुटतो. अशी वायर शोधायला कापसाचा बोळा वायरवरून दोन्ही दिशांनी फिरवावा. तुटलेला तंतू कापूस धरतो. एक तंतू तुटला तरी तो नट बाद. नटमध्ये अॅल्युमिनियमचा ठोकळा आणि पोलादी वायर एकमेकांना चिकटून असतात. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारे पाणी आले की अॅल्युमिनियम आधी झिजते. वायर शिरते त्या भोकापाशी पांढरी भुकटी दिसली तर ती हीच.

शनिवार संध्याकाळ : बादलीभर गोडे पाणी

किनाऱ्यावरून परतल्यावर आंघोळीआधी सामान धुवावे. सुके मीठ हवेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की स्वतःच पाणी ओढून विरघळते. गोव्यात थंडीच्या दिवसांतही रात्री आर्द्रता तेवढी होते. म्हणजे पिशवीत ठेवलेल्या कॅमवर रोज रात्री मिठाचे पाणी तयार होते आणि दुपारी पुन्हा स्फटिक बनतात. हे चक्र अॅक्सलवर आणि स्लिंगच्या धाग्यांत चालते. ताठ झालेल्या स्लिंगमध्ये हेच स्फटिक असतात आणि वाकवताना ते धाग्यांना घासतात.

आधी पाण्याची चव पाहायची. किनाऱ्यालगतच्या विहिरीचे पाणी कधी मचूळ असते आणि त्यात धुऊन काही उपयोग नाही. नळाचे पाणी घ्यावे. आठ-दहा कॅमसाठी पाच-पाच लिटरच्या तीन बादल्या पुरतात. पहिलीत नुसते पाणी : कॅम बुडवून पंधरा मिनिटे भिजत ठेवायचे आणि पाण्यातच प्रत्येकाचा ट्रिगर वीस-तीस वेळा ओढायचा. पाणी गढूळ झाले की ओतून टाकायचे. दुसरीत कोमट पाणी, हाताला जेमतेम ऊब लागेल एवढेच, तीस अंशांच्या आसपास, आणि त्यात लोकरी कपड्यांसाठीचा सौम्य द्रव साबण. मऊ दातांच्या जुन्या ब्रशने लोबच्या मधल्या फटी, स्प्रिंगची वळणे आणि ट्रिगर वायर जिथे लोबमध्ये शिरते ती भोके घासायची. तिसरीत गोड्या पाण्याने खळबळून काढायचे, फेस राहिला तर पुन्हा.

गोव्यातल्या घरांत तांब्या-पितळेची भांडी चिंचेने किंवा कोकमाने लखलखीत करतात, म्हणून सामानालाही तेच लावायची सूचना हमखास येते. ती नम्रपणे नाकारावी. आम्ल नायलॉनला मारते आणि अॅल्युमिनियमवरचा रंगीत थरही खाते. ब्लीच असलेली कपड्यांची पावडरही नको.

धुतलेले कॅम पंख्याखाली, सावलीत, स्लिंग खाली लोंबती ठेवून टांगावेत. उन्हात वाळवू नये, अतिनील किरणांनी स्लिंगचे आयुष्य घटते. गोव्याच्या हवेत स्लिंग सकाळपर्यंत कोरडी होईलच असे नाही. शिवणीपाशी दाबून पाहावी.

धातू पूर्ण कोरडा झाल्यावरच वंगण. मेणावर आधारलेले कोरडे वंगण, जे सायकलच्या साखळीसाठी मिळते, ते उत्तम. आधी स्लिंगवर प्लास्टिकची पिशवी बांधायची. मग कॅम आडवा धरून प्रत्येक लोब अॅक्सलला भेटतो तिथे दोन्ही बाजूंनी एकेक थेंब, स्प्रिंगवर एक थेंब. ट्रिगर वीस वेळा ओढायचा, दहा मिनिटांनी सुती फडक्याने बाहेरचे सगळे पुसायचे. लोबच्या दातांवर थेंबभरही राहता कामा नये, कारण घर्षण तिथूनच मिळते.

खोबरेल तेल घरात असते म्हणून ते वापरण्याचा मोह होतो. ते चोविसेक अंशांखाली गोठते, म्हणजे डिसेंबरच्या पहाटे कॅम पुन्हा ताठ, आणि दुपारी पातळ होऊन प्रत्येक वाळूचा कण धरून ठेवते. गॅरेजमधल्या गंज सोडवणाऱ्या फवाऱ्याने अगदी जाम झालेला अॅक्सल सुटू शकतो, पण सुटल्यावर तो साबणाने पूर्ण धुऊन काढून मेणाचे वंगण द्यावे लागते. तसाच ठेवला तर त्याचा चिकट थर धूळ ओढतो.

धुऊनही ताठच राहिलेली स्लिंग, रंग उडालेली शिवण, लव आलेली कड : यातले काहीही दिसले तर ती स्लिंग बदलायला हवी. ती घरच्या शिलाई यंत्रावर शिवू नये. बऱ्याच कंपन्या स्लिंग बदलून देतात. धातू चांगला दिसला तरी कापडाचे आयुष्य उत्पादनाच्या तारखेपासून जास्तीत जास्त दहा वर्षे धरतात. समुद्राकाठी वापरलेल्याचे त्याहून पुष्कळ कमी धरावे.

रविवार : काब द राम

किल्ल्याखालचा कडा समुद्रावरून पाहिला की दोर घालावासा वाटतो. पण वरचा भाग जांभ्याचा आहे, आणि जांभा कॅमसाठी नाही. जमिनीत असताना तो मऊ असतो, म्हणून तर त्याचे चिरे कापून काढता येतात. हवा लागल्यावर वरचा थर कडक होतो. आत मात्र पोकळ्या आणि मातीच असते. कॅम भिंतीवर ओढीच्या दुप्पट दाब टाकतो हे आठवले की पुढे काय होणार ते कळते. लोब कवच फोडतात, मऊ गाभ्यात रुततात, आणि उघडत उघडत बाहेर येतात. वर तीच लाल माती स्प्रिंगमध्ये भरते. नटही तिथे भरवशाचे नाहीत.

चढायचेच असेल तर वरून दोर सोडून, कड्यापासून बरेच मागे असलेल्या दोन जाड जिवंत झाडांना वेगवेगळे अँकर करून आणि कडेला जाड गोणपाट टाकून. तटबंदीला, बुरुजाला किंवा तोफांना स्लिंग घालू नये.

समुद्राकडच्या कड्यावर कुठेही जुना बोल्ट दिसला तर त्याच्या चकाकीवर जाऊ नये. उष्ण किनाऱ्यांवर ३०४ आणि ३१६ दर्जाचे स्टेनलेस स्टीलसुद्धा आतून चिरते, बाहेर गंजाचा ठिपकाही नसताना. थायलंडच्या रायले आणि तोनसाय इथे याच कारणाने टायटॅनियमचे, रेझिनने बसवलेले बोल्ट घालावे लागले. जस्ताचा मुलामा दिलेला हँगर (बोल्टवर बसवलेली भोकाची पट्टी) आणि स्टेनलेसचा बोल्ट अशी जोडी असेल तर आणखी वाईट, तिथेही दोन धातूंचे तेच भांडण.

सोमवार : चावडी, अगोंद

रविवारी बाजार बराचसा बंद असतो, म्हणून तुटलेल्या ट्रिगर वायरचे काम सोमवारी. मासेमारीच्या सामानाच्या दुकानात एक मिलिमीटरच्या आतबाहेरची स्टेनलेस लीडर वायर आणि ती दाबून बसवायच्या बारीक नळ्या मिळतात. निर्मात्याचा संच हाताशी असेल तर अर्थात तोच वापरावा. ट्रिगर वायर वजन घेत नाही, म्हणूनच ही दुरुस्ती बाहेर करता येते.

लांबी हाच सगळा खेळ. दुसऱ्या बाजूची शाबूत वायर मोजून तेवढीच ठेवायची. दोन मिलिमीटर आखूड झाली तर लोब पूर्ण उघडणार नाही, लांब झाली तर पूर्ण मिटणार नाही. आधी लोबच्या भोकातले टोक फास करून नळीने दाबायचे. मग चारही लोब पूर्ण उघडे आणि ट्रिगर सैल ठेवून दुसरे टोक पट्टीत बसवायचे, खूण करायची, आणि लोब एका रेषेत आहेत याची खात्री झाल्यावरच नळी दाबायची. नळी पकडीने एकाच जागी चेपू नये, दोन-तीन ठिकाणी दाबावी. उरलेले टोक नळीला लागून कापावे, नाहीतर ते बोटात घुसते. शेवटी पन्नास वेळा ओढून पाहावे. वायर मिळालीच नाही तर जाड तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा धागा) बांधून दिवस निभावता येतो, पण तो ताणतो आणि गाठ सरकते.

अगोंदला दुपार कॅराबिनरांवर (दोर अडकवायच्या, उघडझाप करणारे गेट असलेल्या धातूच्या कड्यांवर) गेली. खाऱ्या हवेत गेटच्या खिळीपाशी पांढरी भुकटी जमते आणि गेट अर्धवट मिटते. चाचणी अशी : गेट पाव भागच उघडून सोडायचे. पूर्ण उघडून सोडले तर कमजोर स्प्रिंगसुद्धा ते मिटवते, म्हणून पाव भागच. मिटले नाही तर साबणपाण्यात धुऊन, वाळवून, खिळीवर वंगणाचा एक थेंब. तरीही मिटत नसेल तर बाद. कॅराबिनर मिटलेल्या गेटने लांबीच्या दिशेने किमान २० किलोन्यूटन पेलतो, तोच गेट उघडे राहिले तर किमान ७. तारेच्या गेटला मीठ साचायला जागा कमी, म्हणून समुद्राकाठी तेच बरे. बोल्टच्या हँगरने आतल्या कडेला धारदार खाच पाडली असेल तर तो कॅराबिनर दोराच्या बाजूला लावू नये. खाच एक मिलिमीटरपर्यंत गेली की काढून टाकावा.

स्क्रूगेटची (आटे फिरवून गेट बंद करायच्या कॅराबिनरची) कडी उघडत नसेल तर ती बहुधा भाराखाली घट्ट केलेली असते. भार उतरवल्यावर कॅराबिनर किंचित आखडतो आणि कडी चावून बसते. पुन्हा त्यावर शरीराचे वजन टाकावे आणि वजन असतानाच कडी फिरवावी. अर्थात दुसऱ्या अँकरला बांधून घेतल्यावर.

मंगळवार : चंद्रनाथ डोंगर, पारोडे

किनारा सोडून आत आल्यावर मीठ संपते आणि धूळ सुरू होते. डोंगरावर चंद्रेश्वर भूतनाथाचे देऊळ आहे. उतारावरच्या कातळावर काही करण्याआधी देवळात विचारावे, आणि वाटेतल्या कातळावर खडूच्या खुणा ठेवू नयेत. इथे ओले वंगण लावलेला कॅम दुपारपर्यंत लाल लेप धरतो, मेणाचा मात्र फडक्याने पुसून चालू राहतो.

जुन्या क्लबांच्या कपाटात ताठ दांड्याचे फ्रेंड अजून आहेत. त्यांना टाकाऊ समजू नये, पण आडव्या भेगेत त्यांचा दांडा कडेवर टेकून वाकतो किंवा तुटतो. दांड्याच्या लोबजवळच्या भोकातून पाच-सहा मिलिमीटरची दोरी ओवून आखूड फास करावा आणि कॅराबिनर त्यात अडकवावा, म्हणजे ओढ कडेच्या आतच राहते. ती दोरी दर मोसमाला बदलावी.

बुधवार : परतीची बांधाबांध

बाद ठरलेल्या प्रत्येक वस्तूवर दोषाचे नाव लिहिलेली चिकटपट्टी लावली : ‘स्टेमचा तंतू तुटला’, ‘लोब एका बाजूने सपाट’, ‘शिवण विटली’. नुसते ‘खराब’ लिहिले तर महिन्याभराने कुणीतरी ती वस्तू परत रॅकवर चढवते. बाद कॅराबिनर करवतीने कापले, स्लिंगा कात्रीने. निर्मात्याकडे जाणारे कॅम वेगळ्या पिशवीत, उत्पादनाची तारीख आणि अनुक्रमांक लिहून. बाकीचे सामान ओलसर असताना हवाबंद डब्यात भरू नये. कापडी पिशवीत, बॅटरी आणि फिनाइलपासून दूर.

घरी पोचल्यावर आठवड्याभराने प्रत्येक ट्रिगर पुन्हा एकदा ओढून पाहावा. फटीत राहिलेले मीठ तोवर वर येते. अॅक्सलपाशी पांढरे किंवा तांबूस दिसले तर तेवढेच कॅम पुन्हा गोड्या पाण्यात.